सहावी खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. खुर्ची म्हटल्याबरोबर ज्यांच्या डोळ्यांपुढे सत्ता आली असेल, त्यांनी ती बाजूला ठेवावी. माझ्यासाठी कुणी निवडणूक लढवली नाही की कुणी पक्ष फोडला नाही. माझ्यासाठी फक्त एक बाई एकदा भांडली होती, आणि त्या भांडणामुळेच मी आज या घरात आहे.

मी सागाची आहे. सरळ पाठीची, बिनहाताची. माझ्या अंगात एकही खिळा नाही. लाकडात लाकूड बसवून, पाचर ठोकून मला उभं केलंय. हे मी मिरवायला सांगत नाही. म्हणजे थोडं मिरवायलाही सांगते. ज्यानं मला केलं त्याचं कौतुक दुसरं कोण करणार?

त्या माणसाला सगळे मिस्त्रीच म्हणत. घराच्या मागे पत्र्याची पडवी, तिथे त्यांचा रंधा चाले. कानावर पेन्सिल, भुवयांवर भुसा. बोलणं कमी. सांधा बसवून झाला की त्यावर उजव्या हाताचा अंगठा दाबायचे आणि क्षणभर डोळे मिटायचे. त्या अंगठ्याचं नख केव्हाच हातोडीखाली येऊन चपटं झालेलं होतं. "डोळा फसतो, अंगठा फसत नाही," असं ते म्हणत. माझी जगाशी पहिली ओळख झाली ती त्या अंगठ्याची.

गावातल्या एका वकिलांनी जेवणाच्या टेबलासाठी सहा खुर्च्या करायला सांगितल्या होत्या. आम्ही सहा बहिणी. मी शेंडेफळ. माझ्या वाट्याला शेवटची फळी आली, म्हणून माझ्या पाठीत उजवीकडे सुपारीएवढी एक गाठ आहे. मिस्त्रींनी ती लपवली नाही. उलट घासून घासून अशी गुळगुळीत केली की ती मुद्दाम ठेवलीय असं वाटावं.

पॉलिश वाळल्यावर आम्हाला हातगाडीवर घालून वकिलांच्या घरी नेलं. वकीलसाहेब एकेकीवर बसले, डुलले, पाठ टेकून पाहिली. खूश झाले.

"बोला मिस्त्री, किती द्यायचे?"

मिस्त्रींनी मान खाजवली. "द्या तुम्हाला वाटेल ते."

हे वाक्य म्हणजे त्यांचा बाणा होता. चांगल्या माणसाला चांगलं काम दिलं की तो चांगलेच पैसे देणार, असा त्यांचा हिशेब. हिशेबात खोट नव्हती, माणसंच हिशेबाइतकी चांगली नव्हती. वकीलसाहेबांनी पाच खुर्च्यांचे पैसे मोजले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही वर. एवढी घाऊक खरेदी केली, एखादी तर वर हवीच!"

भाजीवाल्याकडे मूठभर कोथिंबीर वर मागतात, तशी मी. मिस्त्रींनी हात जोडले आणि रिकामी गाडी घेऊन घरी गेले.

पुढचं मी वकिलांच्या ओट्यावरून पाहिलं. अजून आम्हाला आत नेलंही नव्हतं, तोच मिस्त्रींची बायको तरातरा चालत आली. मागून तिची लहानगी मुलगी पळत होती.

"साहेब, पाचाचे दिलेत, पाच ठेवा."

"अहो बाई, मिस्त्रीच म्हणाले, द्या वाटेल ते."

"ते त्यांना वाटलं. मला नाही वाटलं."

एवढं बोलून त्या माउलीनं मला उचललं आणि डोक्यावर घेतलं. मुलीनं आपली मदत म्हणून माझा एक पाय धरला. अशी माझी वरात भर रस्त्यातून घरी आली. मिस्त्री दारातच कासावीस होऊन उभे होते. "अगं, वकीलसाहेब काय म्हणतील?"

"म्हणू देत. लाकूड तुमचं, हात तुमचे, दुखली की तुमची पाठ शेकते मी. वकिलाचं त्यात काय आहे?"

मिस्त्रींनी दारातून बाजूला होऊन वाट दिली. मला मात्र त्या दिवसापासून नाव मिळालं, सहावी. "सहावी जरा इकडे ओढ." "सहावीवर चढ आणि वरचा डबा काढ." घरातलं तिसरं अपत्य असावं तशी मी वावरले.

तीन अपत्यांपैकी थोरला मुलगा शहाणा, कमी बोलणारा. सगळे त्याला दादा म्हणत. धाकटी ती माझा पाय धरून आलेली. मिस्त्रींच्या कानावरची पेन्सिल पळवायची तिला भारी खोड. पडवीतल्या प्रत्येक फळीवर हिची मांजरं, हिची घरं, हिची वेलबुट्टी. म्हणून मिस्त्री तिला पेन्सिलच म्हणू लागले, आणि तेच नाव चिकटलं.

माझ्यावर सगळे बसले. आई निवडण घेऊन बसायची. पेन्सिल उलटी बसायची, पालथी पडायची, उभी राहायची. बसले नाहीत ते फक्त मिस्त्री. "ती गिऱ्हाइकाची वस्तू आहे," म्हणायचे आणि जमिनीवर पाट घ्यायचे. आईनं किती समजावलं, की गिऱ्हाईक गेलं, वस्तू राहिली, आता बसा. ऐकतील तर शपथ. जाता-येता माझ्या उजव्या सांध्यावर अंगठा मात्र दाबायचे. एवढंच आमचं नातं. ज्यानं मला घडवलं त्याचं वजन मला ठाऊक नाही, ही खंत मी तेव्हापासून बाळगून आहे.

आई गेली. घरातलं भांडण संपलं आणि त्याबरोबर घरातला आवाजही संपला. दादाचं लग्न झालं, वहिनी आली. पेन्सिल चित्रकला शिकली, काही वर्षं एका कंपनीत जाहिरातींची चित्रं काढत राहिली. मग एक दिवस तिनं ठरवलं, दुसऱ्याची चाकरी पुरे, आपलं स्वतःचं काम करायचं. मोठ्या शहरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि सामान न्यायला टेम्पो घेऊन आली.

"ही ने," मिस्त्री मला दोरीनं बांधत म्हणाले. "गिऱ्हाईक उभं नको राहायला."

"आणि तुम्ही कधी येणार, बाबा?"

"तुझं बस्तान बसू दे."

"बसलं की न्यायला येते. कायमचं यायचं. आणि या खुर्चीवर बसायचं, आत्ताच सांगून ठेवते."

मिस्त्री हसले. "तुझ्या घरी बसेन. तिथं मी गिऱ्हाईक!"

टेम्पो सुटायच्या आधी त्यांनी माझ्या सांध्यावर अंगठा दाबला. मी तो स्पर्श पुरवून पुरवून वापरायचं ठरवलं. किती दिवस पुरवावा लागेल, याची मला कल्पना नव्हती.

शहरातली खोली दुसऱ्या मजल्यावर. खाली चपला-बुटांचं दुकान, समोर दातांचा दवाखाना. बाहेरच्या खोलीत पेन्सिलचं टेबल, त्यावर संगणक, रंगांचे डबे, कागदांचा पसारा. टेबलाच्या अलीकडे ती, पलीकडे मी. आतल्या खोलीत दोन पलंग मावतील हे तिनं मोजून पाहिलं होतं. आणला एकच. दुसऱ्याची जागा भिंतीला लागून रिकामी ठेवली. तिथं ती कधी पिशवीसुद्धा ठेवत नसे.

तिचं काम म्हणजे कुणाच्या दुकानाचं चिन्ह काढायचं, कुणाच्या औषधाच्या खोक्यावरचं चित्र, कुणाच्या पाटीवरची अक्षरं. माणसं यायची, माझ्यावर बसायची आणि भाव करायची. आता एक गुपित सांगते. माणसाचं तोंड खोटं बोलतं, बूड बोलत नाही. ज्याला नाही म्हणायचंय तो माझ्या कडेवर सरकतो आणि दोन्ही पाय मागे ओढतो, म्हणजे उठायला बरं. ज्याला पटलंय तो मागे रेलतो. आणि जो मागे रेलून गप्प बसतो, त्याचं बहुतेक ठरलेलं असतं. तो फक्त मनात जुळवाजुळव करत असतो, की कधी द्यायचे, बायकोला काय सांगायचं. त्याला तेवढा वेळ दिला पाहिजे.

पेन्सिलला तेवढंच जमत नसे.

पहिल्या वर्षी साबणवाल्या बाई आल्या. घरी साबण करून विकायच्या, आता दुकानंही त्यांचा साबण विकायला ठेवू म्हणत होती. त्यांना वेष्टन हवं होतं. पेन्सिलनं सगळं नीट विचारून घेतलं, घसा साफ केला आणि आकडा सांगितला. वाजवी आकडा होता. बाई मागे रेलल्या. एका पायाची चप्पल काढून त्यांनी तळवा गार फरशीला टेकवला. माझ्या अनुभवात चप्पल काढलेलं गिऱ्हाईक कधी उठून जात नाही. खोलीत शांतता पसरली. समोरच्या दवाखान्यातलं यंत्र तेवढं गुणगुणत होतं.

बाई हो म्हणणार, इतक्यात पेन्सिल बोलली. "म्हणजे... थोडं कमी करता येईल तसं. फार वाटत असेल तर... नाहीतर असं करा, तुम्हीच द्या तुम्हाला वाटेल ते."

माझ्या पाठीतली गाठ ठणकली. घराण्याचं वाक्य! वडिलांकडून नाक घ्यावं, हस्ताक्षर घ्यावं. हिनं नेमकं हेच उचललं.

बाई लबाड नव्हत्या. पण आयती चालून आलेली लक्ष्मी कोण नाकारतं? त्यांनी चप्पल पायात घातली, सरसावून बसल्या आणि म्हणाल्या, "असं म्हणताय? मग निम्म्यात बसवा ना!"

मग हे असंच चालू राहिलं. आकडा सांगायचा, गिऱ्हाइकानं विचार करायला तोंड मिटायचं, आणि हिनं घाबरून आपल्याच आकड्यावर कुऱ्हाड चालवायची. समोरचा शब्दही काढत नसे. ही स्वतःशीच घासाघीस करायची आणि स्वतःशीच हरायची. मला वाचा असती तर मी ओरडले असते, अगं बये, गप्प बस, तो मागे रेललाय!

आणखी एक गंमत पाहा. हात बसत गेला तशी ती भराभर काम करू लागली. पूर्वी ज्याला आठवडा लागे ते एका बैठकीत होऊ लागलं. आणि लवकर झालं म्हणून ती कमी पैसे घेऊ लागली. "अहो, एका सकाळीत झालं, एवढे कसे घेऊ?" या हिशेबानं ती अगदी निष्णात झाली असती तर लोकांना स्वतःच्या खिशातून देत बसली असती. त्या एका सकाळीमागे पडवीतल्या फळ्यांपासूनची वर्षं होती, ती तिला दिसत नव्हती.

स्वस्त दुकानाला गर्दी फार. एकजण दुसऱ्याला धाडायचा, "जा, बाई स्वस्तात करून देते." कामाचा ढीग वाढला, सुट्टीचा दिवस म्हणून काही उरला नाही, आणि इतकं राबूनही महिनाअखेर ओढाताण ठरलेली. मिस्त्रींना आणायचं तर प्रवास, पलंग, त्यांची औषधं, आणि मुख्य म्हणजे चार दिवसांची सवड. यातलं काहीच जमेना. "हे एवढं काम आटोपलं की जाते," असं ती स्वतःला सांगायची. पलंगाची जागा तशीच रिकामी होती. झाडताना ती तिथे जरा जास्तच वेळ झाडायची.

मिस्त्रींचा फोन यायचा. फोन टेबलावर ठेवून ती एकीकडे काम करत बोलायची, त्यामुळे मलाही ऐकू यायचं.

"सहावी कशी आहे? सांधे करकरतात का?"

"नाही बाबा."

"मग ठीक."

न्यायला कधी येतेस, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. भाव न सांगणारा माणूस आपलं मागणं तरी कसं सांगणार? सांधे करकरतात का, एवढंच ते विचारायचे. त्यातलं विचारणं मला कळायचं. पेन्सिललाही कळत असणार, कारण फोन ठेवल्यावर तिची रेघ बराच वेळ सरळ येत नसे.

एकदा त्यांनी तो प्रश्न एकाच फोनमध्ये दोनदा विचारला. पुढच्या वेळी तीनदा. मग एक दिवस वहिनीनं फोन हातात घेतला.

"अगं, तुला सांगितलं नव्हतं, पण बाबा हल्ली विसरतात. काल आपलीच गल्ली चुकले. तू म्हणाली होतीस न्यायला येते."

"येते ना वहिनी. हे हातातलं काम आटोपलं की लगेच."

"तुझ्या हातातलं काम कधी आटोपलंय का? रागवत नाही हो मी. पण तुला ओळखतायत तोवर ये."

पेन्सिलनं फोन ठेवला. त्या दिवशी तिनं संगणक बंद केला आणि बराच वेळ टेबलावर डोकं ठेवलं. मी समोर होते, पण खुर्चीला उठून कुणाच्या पाठीवर हात ठेवता येत नाही. लाकूड असण्याचं वाईट मला त्या दिवशी वाटलं तेवढं कधीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण आली, फोटोवाली. लोकांचे, वस्तूंचे, कारखान्यांचे फोटो काढून पोट भरणारी. आवाज असा की खालच्या दुकानातल्यानं वर बघावं. ती माझ्यावर नेहमी उलटी बसते, माझ्या पाठीवर हनुवटी टेकून. तिनं पेन्सिलचा चेहरा पाहिला आणि सगळं काढून घेतलं.

"बरं, मला सांग," ती म्हणाली, "तुझ्या आकड्यात काय काय धरतेस?"

"कागद, रंग, किती तास लागले ते..."

"आणि घरभाडं? ज्या दिवशी कुणी गिऱ्हाईक फिरकत नाही त्या दिवशीचं जेवण? तू आजारी पडलीस तर? हा डबडा संगणक मेला तर?"

"ते कसं धरणार? ते काय गिऱ्हाइकामुळे आहे?"

"मग कुणामुळे आहे? नोकरीत होतीस तेव्हा सुट्टीच्या दिवशीचा पगार मिळायचा ना? आता तो कोण देणार, गिऱ्हाइकाचा काका? वर्षभर जगायला काय लागतं ते काढ, त्यातले खरे कामाचे दिवस किती ते बघ, मग तोंड उघड. आणि बाबा कुठे आहेत तुझ्या आकड्यात?"

पेन्सिलची नजर आतल्या खोलीतल्या रिकाम्या जागेकडे गेली.

"त्यांना आणायला जायचे चार दिवस, त्यांच्याशेजारी नुसतं बसायचे दिवस. ते नाहीत ना धरलेले? म्हणून तर ते तिकडे आहेत." फोटोवालीचा आवाज इथं जरा खाली आला. "तू लोकांना स्वस्तात देत नाहीयेस गं. त्यातला फरक बाबा भरतायत."

मग पेन्सिल हळूच म्हणाली, "आकडा मी नीट काढेनही. पण तो सांगितल्यावर समोरचा गप्प बसतो ना, ते मला सहनच होत नाही. वाटतं, आपण त्याला दुखावलं."

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हेच खरं. एक युक्ती सांगते. टेबलावर पाण्याचा ग्लास ठेव. आकडा सांगितला की ग्लास तोंडाला लाव आणि घोट घोट पी. संपेपर्यंत खाली ठेवायचा नाही. तोंडात पाणी असलं की माणसाला मूर्खपणा करता येत नाही."

मी इतक्या वर्षांत ऐकलेला हा सगळ्यात शहाणा सल्ला. दोघी हसल्या, पण पेन्सिलनं उठून खरंच एक उंच ग्लास धुऊन ठेवला.

थोड्याच दिवसांनी बसवाले आले. त्यांच्या गावोगाव जाणाऱ्या प्रवासी गाड्या होत्या. गडी जाडजूड, माझे चारही पाय एकदम सावध झाले. त्यांना सगळं नव्यानं हवं होतं, नाव, चिन्ह, गाड्यांचे रंग, तिकिटंसुद्धा. बोलताबोलता त्यांनी ठरलेलं पालुपद म्हटलं, "तसं माझा पुतण्या मोबाईलवर फुकटात करून देतो म्हणतोय."

पूर्वीची पेन्सिल तिथेच विरघळली असती. ही म्हणाली, "करून बघा की. आवडलं तर उत्तमच." मग सरळ त्यांच्याकडे पाहून तिनं आकडा सांगितला. "आणि निम्मे आधी."

मी थरारले. त्या आकड्यात घरभाडं होतं, रिकामे दिवस होते, आणि या खेपेला मिस्त्री होते.

तिनं ग्लास उचलला.

बसवाले गप्प. पहिला घोट. पंखा फिरत होता. दुसरा घोट. बसवाले छताकडे पाहू लागले. पेन्सिलचे डोळे ग्लासच्या काठावरून गरगरत होते, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि टेबलाखाली तिचा पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा हलत होता. मला दिसत होतं, की आता सुटतंय घराण्याचं वाक्य. पण तिला हे ठाऊक नव्हतं, की बसवाल्यांनी केव्हाच माझ्या पाठीला पाठ टेकली होती. सगळा भार मागे होता. पी बाई, पीत राहा, मी मनात म्हणत होते. आई असती तर तिनंही हेच म्हटलं असतं.

ग्लास संपत आला तेव्हा बसवाले म्हणाले, "हं. दिवाळखोर करणार तुम्ही मला. कधी सुरू करता?"

पेन्सिलला ठसका लागला. बसवाल्यांनीच उठून तिला रुमाल दिला.

सगळेच असे थांबले असं मी म्हणणार नाही. नवा भाव ऐकून काहीजण माझ्या कडेवर सरकले आणि उठून गेले. साबणवाल्या बाई फणकाऱ्यानं गेल्या, मग परत आल्या. एक फर्निचरवाला गेला तो गेलाच, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. कामं कमी झाली, पण पेन्सिलच्या हातात प्रथमच दिवस उरले. तिनं दुसरा पलंग आणला, भिंतीला लागून मांडला, त्यावर स्वच्छ चादर घातली आणि बॅग भरून निघाली.

ती परत येईपर्यंत मी त्या बंद खोलीत दाराकडे तोंड करून होते. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटे, आले. वरच्या मजल्यावरची माणसं आपली वर जायची. इतकी वर्षं वाट पाहिली होती, पण ते शेवटचे चार दिवस सरता सरेनात.

मग एका सकाळी कुलूप उघडलं. पेन्सिलनं मिस्त्रींचा दंड धरला होता. सदरा त्यांच्या अंगावर लोंबत होता. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, भुशानं नव्हे. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि परक्या घरी बोलतात तशा आवाजात विचारलं, "कुणाचं घर हे?"

"आपलंच, बाबा. माझं."

"असं होय? छान आहे." ते 'पेन्सिल' म्हणाले नाहीत.

मग त्यांना मी दिसले. ते माझ्याजवळ आले, वाकले, आणि तो चपट्या नखाचा अंगठा नेमका माझ्या उजव्या सांध्यावर टेकला. त्यांनी डोळे मिटले. माझ्या पाठीतल्या गाठीपर्यंत काहीतरी सरसरत गेलं. आता म्हणतील, मला वाटलं. आता ओळखतील.

त्यांनी डोळे उघडले. "चांगलं काम आहे. कुणी केलीय?"

पेन्सिल म्हणाली, "एका... एका मिस्त्रींनी."

"खिळा नाही कुठे. काय घेतले त्यानं?"

"काही नाही घेतले. म्हणाले, द्या तुम्हाला वाटेल ते."

"वेडाच दिसतोय." मिस्त्रींनी मान हलवली. "अशानं त्याच्या पोराबाळांचं कसं व्हायचं?"

पेन्सिल त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "तुम्ही केली असती तर काय सांगितलं असतं, बाबा?"

मिस्त्रींनी मला पुन्हा चहूबाजूंनी पाहिलं. पाठीवरून हात फिरवला, गाठीवर बोट थांबवलं, बैठकीवर टिचकी मारली. आणि मग त्यांनी आकडा सांगितला. स्पष्ट, खणखणीत, आयुष्यात पहिल्यांदा. सांगून त्यांनी तोंड मिटलं आणि तिच्याकडे पाहत राहिले. पुढे एक शब्दही जोडला नाही. त्यांना पाण्याच्या ग्लासाची गरज पडली नाही.

यावेळी गप्प राहणारं गिऱ्हाईक पेन्सिल होती. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"दिले," ती म्हणाली. उठून तिनं टेबलाच्या खणातून पैसे काढले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले. मिस्त्रींनी ते न मोजता सदऱ्याच्या खिशात घातले आणि खिशावर हात ठेवला.

पाचाचे वकिलानं दिले होते. सहावीचे त्या दिवशी मिळाले.

"आता ही तुमची झाली, बाई," मिस्त्री म्हणाले. मग जरा संकोचून, "फार लांबून आलोय. बसू का जरा?"

"बसा ना, बाबा."

आणि ते माझ्यावर बसले. मी त्या जाडजूड बसवाल्यांना पेललं होतं, डुलणाऱ्या वकिलाला पेललं होतं. पण हे वजन इतकं हलकं होतं की मला पेलवेना. एवढ्याशाची मी जन्मभर वाट पाहिली होती.

आता मी टेबलापुढे नसते. पेन्सिलनं मला खिडकीशी ठेवलंय, तिथं मिस्त्री उन्हाला बसतात. गिऱ्हाइकांसाठी नवी चाकांची खुर्ची आलीय. चाकं असलेल्याचं मन थाऱ्यावर कुठून असणार, तिला कुणाच्या बसण्यातलं काही कळत नाही. पण पाण्याचा ग्लास टेबलावर आहे, त्यामुळे काळजी नाही.

मिस्त्री रोज सकाळी माझ्यापाशी येतात, अंगठा दाबतात आणि विचारतात, "कुणी केलीय ही?" एखाद्या दिवशी पेन्सिलला नावानं हाक मारतात, तेव्हा मला वाटतं, आज माझीही आठवण येईल. अजून आलेली नाही. एकदा, फक्त एकदा त्यांनी म्हणावं, "अरे, ही तर आपली सहावी." मी थांबायला तयार आहे. मी सागाची आहे, मला काय घाई?

पण मिस्त्री सागाचे नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्हीही घरी बसून आपल्या हातांचं काम विकत असाल, तर भाव सांगताना तुमची वाट पाहणारं माणूस त्यात धरा. सांगून झालं की पाणी प्या. आणि पलंगाची जागा रिकामी असेल, तर आजच निघा.

ते बघा, उठले वाटतं. चपलांचा आवाज येतोय. आज विचारतील, की ओळखतील?